बिघडलीये ती विंडोजची बेगमी, तुमचे फोटो नव्हेत

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. घरचा आंबा, शिवाय मागच्या पडवीला लागून दोन खोल्या पर्यटकांना देतात, आणि या सगळ्याचा हिशोब, गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाकडे किती पेट्या गेल्या, सगळं घरातल्या एका डेस्कटॉपवर. विंडोज 10, सात-आठ वर्षं जुना. परवा संध्याकाळी गडगडाट झाला, लाइट गेली, आली, परत गेली, आणि तेव्हापासून कम्प्युटर मधेच निळा पडतो आणि आपोआप रिस्टार्ट होतो. पुतण्या मुंबईहून आलेला, त्याने विंडोजच्या फाइल्स तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ चालवलं तर शेवटी इंग्रजीत आलं की खराब फाइल्स सापडल्या पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. पुतण्या परत गेला. बाजारातला कम्प्युटरवाला फोनवरच म्हणाला फॉर्मॅट मारावा लागेल, घेऊन या. नेटवर शोधून एका हेल्पलाइनला फोन केला तर ते म्हणाले व्हायरस आहे, आम्हाला स्क्रीन द्या आणि पाच हजार भरा. सासूबाई म्हणतायत "ह्येका कोणाची तरी नजर लागली". आणि पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलंय, सासऱ्यांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यातच आहेत, ते गेले का हो?

ताई, आधी फोटोंचंच सांगते म्हणजे तुम्ही आज रात्री नीट झोपाल. एसएफसी म्हणजे सिस्टिम फाइल चेकर, तो तुमचे फोटो, एक्सेलच्या फाइल्स, पेट्यांचा हिशोब यांच्याकडे बघतसुद्धा नाही. तो फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासतो, ज्यांच्यावर कम्प्युटर चालतो त्या. तेव्हा "खराब फाइल्स सापडल्या" यातल्या फाइल्स म्हणजे तुमच्या फाइल्स नव्हेत. कम्प्युटर चालू होतोय, फोटो उघडतायत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ते आहेत. पण आहेत म्हणून निवांत राहायचं नाही, कारण ज्या कशामुळे विंडोजची फाइल बिघडली तेच उद्या फोटोच्या फाइलला बिघडवू शकतं. म्हणून बाकी काहीही करायच्या आधी फोटो आणि हिशोब दुसरीकडे काढून घ्या, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर तर घ्याच, आणि हिशोब कुठल्या भलत्याच फोल्डरमधे असला तर तोही. हे झाल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचला तरी चालेल पण करू काही नका.

आता तो मेसेज म्हणजे नक्की काय ते बघू, कारण माझं म्हणणं असं की मेसेज घाबरवतो तो मुख्यतः अर्थ न कळल्यामुळे.

आपल्याकडे पावसाळ्याआधी बेगमी करतात ना, तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, आमसुलं, सांडगे, सगळं कोठीत आणि माळ्यावर भरून ठेवायचं, आणि रोजच्या वापराचं स्वयंपाकघरातल्या डब्यात. डब्यातलं खराब झालं की कोठीतून काढून डबा परत भरायचा. विंडोजपण अगदी असंच करतं. रोज वापरायच्या फाइल्स एकीकडे, आणि त्यांच्या चांगल्या प्रती दुसरीकडे, विंडोजच्या फोल्डरमधे विनएसएक्सएस नावाचं एक भलंमोठं फोल्डर असतं तिथे. ती कोठी. एसएफसी काय करतो तर प्रत्येक फाइलचा एक ठसा काढतो, त्याला हॅश म्हणतात, आणि तो नोंदीतल्या ठशाशी जुळतो का बघतो. नाही जुळला तर कोठीतून चांगली प्रत आणून बदलतो. तुमच्या बाबतीत झालं असं की डबा बिघडला, एसएफसी कोठीकडे गेला, आणि बघतो तर कोठीतल्या मालालाही बुरशी. मग तो बिचारा काय करणार, तो म्हणाला काही दुरुस्त करता आल्या नाहीत. बास, एवढंच म्हणालाय तो. कम्प्युटर मेला, हार्ड डिस्क गेली, व्हायरस आला, यातलं काहीही तो म्हणालेला नाही.

एसएफसी शेवटी चार-पाच प्रकारचीच वाक्यं बोलतो. काहीच बिघाड सापडला नाही हे एक, सापडला आणि दुरुस्त केला हे दुसरं, या दोन्हीत तुम्हाला काही करायचं नसतं. तिसरं तुमचं. चौथं म्हणजे हे काम करताच आलं नाही, तेव्हा सेफ मोडमधे, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतंच चालू करून, परत चालवायचं. आणि कधीकधी म्हणतो की एक दुरुस्ती अर्धवट राहिलीये, आधी रिस्टार्ट करा, तर करायचं. तिसरं सोडलं तर कशातच जीव घाबरा करण्यासारखं नाही आणि तिसऱ्यालाही उपाय आहे.

तो उपाय म्हणजे आधी कोठी भरायची, मग डबा. कोठी भरणाऱ्याचं नाव डिझम, इंग्रजीत डी आय एस एम. तो थेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेटकडून, म्हणजे बाजारातून, चांगला माल आणून कोठी नीट करतो. खुद्द मायक्रोसॉफ्टचं सांगणं असं की विंडोज 10 किंवा पुढचं असेल तर आधी डिझम, मग एसएफसी. तुमच्या पुतण्याने थेट एसएफसी चालवलं, त्यात त्याची चूक नाही, बहुतेक जण तेच करतात, पण क्रम उलटा झाला.

करायचं असं. स्टार्टमधे सीएमडी टाइप करा, काळ्या खिडकीचं चिन्ह येईल त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर घ्या, साधं उघडलंत तर चालणार नाही. मग इंग्रजीतून टाइप करायचं: डी आय एस एम, जागा सोडा, स्लॅश आणि लगेच ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप आडवी छोटी रेघ इमेज, जागा, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. रिस्टोअर आणि हेल्थ मधे जागा नाही. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, उलटी नाही. एंटर. आणि मग धीर धरा, कारण हा मधेच वीस टक्क्यांवर किंवा बासष्टच्या आसपास अडकल्यासारखा बसून राहतो आणि लोकांना वाटतं बंद पडला, खिडकी बंद करून टाकतात. नका करू. अर्धा तास, पाऊण तास गेला तरी जाऊ दे. पूर्ण झाला की कम्प्युटर रिस्टार्ट करा आणि परत त्याच काळ्या खिडकीत एस एफ सी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ. या वेळी बहुतेक "सापडल्या आणि दुरुस्त केल्या" असं येईल. बहुतेक म्हणतेय, खात्रीने नाही, न आल्यास काय ते खाली येतंच.

डिझमला नेट लागतं. तुमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं असं लिहिलंय तर रेंज चांगली असेल अशा वेळी करा आणि फोन चार्जिंगला लावून ठेवा. आणि वळिवाचं आभाळ आलेलं असताना मुळीच सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगते.

तुम्ही त्या लॉगच्या, म्हणजे कामाच्या नोंदींच्या, फाइलबद्दल विचारलंय, पुतण्याने डेस्कटॉपवर काढून ठेवलेली. ती मूळ सीबीएस नावाच्या मोठ्या लॉगमधली फक्त एसएफसीच्या कामाच्या ओळी गाळून काढलेली आहे, प्रत्येक ओळीत कंसात एस आर असं दिसेल. तुम्हाला भीती वाटली ती शेकडो ओळींची, व्हेरिफायिंग 100, आणि पुढे कंसात शून्य, एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी 64, हा काय एरर कोड म्हणून. ताई, तो एररच नाही. एसएफसी शंभर-शंभरचे गठ्ठे करून तपासतो आणि प्रत्येक गठ्ठ्याची नोंद करतो, आणि ते 64 म्हणजे तेच 100, फक्त कम्प्युटरच्या सोळाच्या हिशोबात लिहिलेलं. सहा सोळा शहाण्णव आणि चार, शंभर. तुमच्या वहीत शेकड्याने आंबे मोजतात तसंच हे. आख्ख्या फाइलमधे बघायच्या त्या ओळी फक्त "कॅनॉट रिपेअर" असं म्हणणाऱ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या तीन दिसतायत आणि तिन्हीत फाइलचं नाव एकच आहे, म्हणजे खरी नादुरुस्त फाइल एक. तीनशे ओळी बघून जीव गोळा झाला आणि बिघाड निघाला एका फाइलचा.

आणि हॅश जुळत नाही याचा अर्थ दरवेळी फाइल नासलीच असाही नाही. जुलै 2019 मधे तर मायक्रोसॉफ्टच्याच डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजमधल्या व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, एका अपडेटनंतर ठणठणीत कम्प्युटरवरसुद्धा एसएफसी डिफेंडरच्या काही फाइल्स खराब आहेत म्हणून सांगायला लागला. फाइल्स चांगल्या होत्या, अपडेटने त्या बदलल्या होत्या आणि नोंदीतला ठसा जुना राहिला होता. मायक्रोसॉफ्टने ते कबूल करून नंतर दुरुस्त केलं. तेव्हा किती लोकांनी उगाच फॉर्मॅट मारून घेतलं असेल याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

फॉर्मॅटवर मी एवढी का बोलतेय तर सांगते. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, लाइट कितीतरी दिवस नव्हती, आणि कम्प्युटर ओलीत तसाच प्लास्टिक गुंडाळून पडून होता. लाइट आल्यावर चालू केला तर हेच, निळा स्क्रीन, आणि एसएफसी म्हणतोय दुरुस्त करता येत नाही. भाऊ एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला, त्याने न विचारता फॉर्मॅट मारलं. वडिलांनी महिनाभर बसून जमिनीचे जुने कागद स्कॅन करून ठेवले होते ते सगळे गेले, त्यातले काही मूळ कागद त्या पावसात भिजून लगदा झालेले. आणि पंधरा दिवसांत निळा स्क्रीन परत हजर. मी दिवाळीत गेले तेव्हा कॅबिनेट उघडलं. मागच्या स्क्रूंवर गंजाचे फोड आलेले, आणि रॅमची, म्हणजे कम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीची, पट्टी उपसली तर तिच्या सोनेरी दातांवर पांढरट-हिरवट साय धरल्यासारखा थर. भाचीचं खोडरबर घेतलं, पांढरं साधं, दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवलं, रबराची काळी भुकटी ब्रशने झाडली, पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवली. तो कम्प्युटर पुढे दोन वर्षं निळा पडला नाही. कागद मात्र गेले ते गेलेच.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की फाइल का बिघडली हे शोधल्याशिवाय हा विषय संपवू नका. फाइल आपली आपण सडत नाही. तुमच्याकडे तीन संशयित आहेत आणि मला सगळ्यात जास्त संशय लाइटवर आहे, कारण गडगडाटानंतरच सुरू झालं. कम्प्युटर काहीतरी लिहीत असताना, आणि विंडोज तर मागच्या मागे अपडेट घालतच असतं, अचानक लाइट गेली तर ती फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. तुम्ही म्हणता इन्व्हर्टर आहे तरी लाइट गेली की कम्प्युटर बंद होऊन चालू होतो. तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण आहे का बघा, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको असं काही लिहिलेलं. बऱ्याच इन्व्हर्टरना असतं. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर उशीर होतो, पंखा-बल्बना ते कळत नाही पण डेस्कटॉपला तेवढ्यात मरण. यूपीएसवर करा. बटणच नसेल तर कम्प्युटरपुरता 600 व्हीएचा छोटा यूपीएस घ्या, त्याने काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. आणि वीज कडकडायला लागली की प्लग भिंतीतून काढा, नेटची तार येत असेल तर तीपण, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुसरा संशयित रॅम. याची एक खूण आहे: एसएफसी दोन-तीनदा चालवा आणि दरवेळी वेगळ्याच फाइलचं नाव येतंय का बघा. एकच फाइल परत परत येत असेल तर ती फाइलच बिघडलीये, दरवेळी वेगळी येत असेल तर बघणाऱ्याचे डोळे बिघडलेत, म्हणजे रॅम. तुमच्याकडे एकच नाव आहे म्हणून रॅमवर मला कमी संशय, तरी स्टार्टमधे विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून एकदा चालवा, रिस्टार्ट होऊन आपोआप तपासतं. खोडरबरचा प्रयोग करायचा झाला तर प्लग काढून, आधी एखाद्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवून, आणि पट्टी कडेला धरून. समुद्र घरापासून दोन शेतांवर आहे म्हणता, तर खारं वारं आत जातंच, वर्षातून एकदा, पाऊस संपला की नवरात्राच्या साफसफाईत कॅबिनेटपण उघडून पुसून घेत जा.

तिसरा संशयित हार्ड डिस्क, सात-आठ वर्षांची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो डिस्कची तब्येत रंगाने दाखवतो, निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पिवळा आला तर पुढचं कसलंही स्कॅन करत बसू नका, नवी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची डिस्क, घ्या. विशेषतः चेकडिस्क स्लॅश आर, जे खराब जागा शोधायला सगळी डिस्क तासन्‌तास पिंजून काढतं, ते मरत्या डिस्कवर चालवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला घाटी चढायला लावणं. आधी बॅकअप, हे परत म्हणतेय.

डिझमनेही हात टेकले, समजा शेवटी 0एक्स800एफ081एफ असा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला बाजारात हवा तो माल मिळाला नाही. तेव्हाही फॉर्मॅट नाही. विंडोजच्या वर विंडोज चढवता येतं, फाइल्स आणि प्रोग्रॅम्स दोन्ही जागच्या जागी ठेवून. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवायचं, तो पेन ड्राइव्ह चालू विंडोजमधेच उघडून सेटअप चालवायचा, आणि पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स ठेवा हा पर्याय निवडायचा. डाउनलोड पाच-सहा जीबीचं आहे, तुमच्या रोजच्या डेटात बसणार नाही, तर पुतण्याला सांगा, मुंबईहून करून पाठवेल एसटीने कोणाबरोबर तरी. फक्त त्याला सांगा की भाषा तुमच्या विंडोजची असेल तीच हवी, इंग्लिश आणि इंग्लिश इंटरनॅशनल हे दोन वेगळे आहेत, चुकलं तर तो ठेवा म्हणणारा पर्याय निवडताच येत नाही. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी करून ठेवा. विंडोज 10 चा सपोर्ट तसा 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा पुढेमागे 11 किंवा नवा कम्प्युटर याचा विचार करावा लागेल, पण तो आंब्याचा सीझन उरकल्यावर, आत्ता ऐन पेट्या भरायच्या दिवसांत नको.

ती पाच हजारवाली हेल्पलाइन. स्क्रीन दिली नाहीत ते फार फार बरं केलंत. एसएफसीच्या मेसेजवरून फोनवर व्हायरस आहे असं कोणालाही कळू शकत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर कधीच नसतो. त्यांचा परत फोन आला तर कट करा, ब्लॉक करा. चुकून घरातल्या कोणी पैसे भरलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा, जितक्या लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. बाजारातल्या कम्प्युटरवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, गिऱ्हाईक दारात उभं असताना त्याला फॉर्मॅट हाच झटपट उपाय वाटतो, पण न्यायचाच झाला तर त्याला एका कागदावर लिहून द्या की विचारल्याशिवाय फॉर्मॅट करायचं नाही, आणि तो कागद कॅबिनेटवर चिकटवूनच न्या. सासूबाईंना सांगा नजर वगैरे नाही, लाइट आहे, आणि त्यांना मीठमोहऱ्या ओवाळायच्याच असतील तर ओवाळू दे, फक्त मीठ कम्प्युटरपासून लांब.

आणि ताई, बॅकअप झाला की तो पेन ड्राइव्ह तसाच कपाटात ठेवू नका. शेजारच्या कोणाच्या तरी कम्प्युटरला लावा आणि सासऱ्यांचे दोन-चार फोटो उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका, फोटो पूर्ण उघडतोय, खालचा अर्धा भाग राखाडी येत नाहीये, हे डोळ्यांनी बघा. मग एखाद्या घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तशा सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. त्यानंतर डिझम. तो काय म्हणाला त्याचा फोटो काढून पाठवा, मी बघते.